डिमेन्शियाच्या संस्थेची पाच वर्षांची योजना कशी करायची : इंदूरच्या अनुभवावरून

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही सात-आठ जण, बहुतेक रिटायर्ड, तीन वर्षांपासून इंदुरात दर महिन्याला डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, पेशंटच्या घरच्यांची बैठक घेता, तीसेक कुटुंबं जोडली गेलीत, सोसायटी रजिस्टर झालीये. आता एका कुटुंबाने त्यांचं जुनं घर वापरायला देऊ केलंय आणि पीथमपूरच्या एका कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने सांगितलंय की पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन आणा, मग सीएसआरचं, म्हणजे कंपनीने समाजकामाला द्यायच्या पैशाचं, बघू. तुमच्या कच्च्या यादीत डे केअर, निवासी केंद्र, मेमरी क्लिनिक, हेल्पलाइन, अटेंडंटचं ट्रेनिंग, शाळांमध्ये जागृती आणि रिसर्च असं सगळं आहे, आणि तुम्ही विचारताय की यातलं आधी काय, नंतर काय, आणि ते कागदावर कसं उतरवायचं.

मी मेडिकल सोशल वर्कर आहे, एकोणीस वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या कामात गेली, त्यातली अकरा वर्षं तुमच्यासारखीच एक छोटी संस्था चालवण्यात. म्हणून जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, ते घर अजून घेऊ नका. नाही म्हणू नका, पण सहा महिने थांबा म्हणावं. आम्हीपण असंच केलं होतं, अन्नपूर्णा रोडच्या आत एक बंगला मिळाला, आम्ही रंग दिला, बाथरूमला दांडे लावले, पायऱ्यांच्या जागी रॅम्प केला, बारा खुर्च्या आणल्या, कॅरम, जुन्या गाण्यांचा स्पीकर, सगळं. उद्घाटनाला दीडशे लोक आले. आणि पहिल्या सहा महिन्यांत रोज येणारे पेशंट तीन. आम्हाला वाटायचं लोकांना लाज वाटते, घरचे लपवतात, म्हणून अजून पत्रकं वाटली. शेवटी आमची एक कार्यकर्ती एका सूनबाईंकडे सकाळी सातलाच जाऊन बसली, नुसतं बघायला. सासूबाईंना उठवून, आंघोळ घालून, कपडे चढवून, नाश्ता भरवून तयार करायला दोन तास, मग रिक्षात बसायला त्या तयार नाहीत, रिक्षावाला कंटाळून गेला, दुसरा बोलावला, आमच्याकडे पोचेपर्यंत अकरा, आणि आम्ही एकला बंद करायचो. म्हणजे दोन तास सुटका मिळावी म्हणून त्या बाईने चार तास राबायचं, शिवाय ज्या वेळेला तिला खरी मदत हवी होती ती संध्याकाळची होती आणि तेव्हा आमच्या दाराला कुलूप. खुर्च्या, रॅम्प सगळं व्यवस्थित होतं, फक्त आम्ही घरात जाऊन दिवस कसा जातो ते विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं सगळं उत्तर एकाच गोष्टीवर उभं आहे, सेवा ठरवायच्या आधी घरातले तास मोजा. कोणत्या घरात कोणता तास सगळ्यात जड आहे आणि तो तास आपण हलका करू शकतो का, एवढंच तुमच्या योजनेचं मोजमाप ठेवा, बाकीचं त्याच्या मागून येतं.

हे करायचं कसं तर पंधरा घरं निवडा. तुमच्या बैठकीला येणारी सगळी नकोत, कारण जी व्यक्ती दर महिन्याला रविवारी दोन तास काढून येऊ शकते तिच्याकडे घरी कोणीतरी दुसरं आहे. ज्यांना खरी गरज आहे ते बैठकीला येऊच शकत नाहीत. म्हणून आठ तुमची आणि सात अशी की जी एकदा फोन करून नंतर गायब झाली. एक साधा कागद, चोवीस रकाने, तासाला एक. या तासाला पेशंट काय करतो, कोण त्याच्याजवळ असतं, ते माणूस एरवी या वेळी काय करत असतं. घरी जाऊन, चहा घेत, एका वेळी एका घरी, आणि शक्य असेल तर ज्याच्या अंगावर काम आहे त्याच्याशी एकट्याशी बोला. मुलगा सांगतो ते वेगळं असतं आणि सून सांगते ते वेगळं असतं, दोघं खोटं बोलत नाहीत, मुलगा नऊ ते सात घरीच नसतो.

एक घर सांगते. आजोबा मिलमधले, हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली तेव्हा घरी बसले ते कायमचे. आता वय ऐंशीच्या वर. रोज दुपारी साडेचार वाजले की उठतात, पांढरा शर्ट शोधतात, डबा मागतात, सेकंड शिफ्टला उशीर झाला म्हणून दाराशी जातात. सून दार लावून घेते, मग आरडाओरडा, मग ढकलाढकली, एकदा तिचं मनगट मुरगळलं. त्या कागदावर सकाळचे सगळे रकाने रिकामे होते, 'ठीक आहे, पेपर घेऊन बसतात' एवढंच, आणि साडेचार ते आठ या साडेतीन तासांत अख्खा कागद काळा. त्या घराला आमच्या सकाळच्या डे केअरचा शून्य उपयोग होता. आम्ही काय केलं तर आमची एक कार्यकर्ती मुलगी सव्वाचारला जायची, डबा भरायचा, शर्ट घालायचा, आणि आजोबांना घेऊन कॉलनीला चक्कर मारून आणायची, गेटवर 'आज मिल बंद आहे काका' असं वॉचमन सांगायचा, आजोबा मान हलवायचे आणि घरी येऊन डबा खायचे. सहा आठवड्यांनी सुनेला स्वतःला ते जमायला लागलं आणि आमची मुलगी सुटली. दार लावून घेण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बाहेर पडणं सोपं आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी अस्वस्थता वाढणं हे या आजारात इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर लोकांनी त्याला स्वतंत्र नाव दिलंय, सनडाउनिंग, आणि तरी बहुतेक डे केअर दुपारी तीन-चारला बंद होतात.

पंधरा कागद भरून झाले की ते जमिनीवर पसरा आणि सगळे मिळून बघा, काळे रकाने कुठे एकावर एक येतात. तुमचा प्लॅन तिथेच दिसायला लागेल.

आता आकडे, कारण कंपनीवाले विचारणार. भारतात 60 वर्षांवरच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण 7.4 टक्के आणि देशात असे अंदाजे 88 लाख लोक, असा अंदाज 2023 साली लासी-डॅड या मोठ्या पाहणीवरून प्रसिद्ध झाला, त्यात बायकांमध्ये आणि खेड्यांत प्रमाण जास्त आढळलं. इंदूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या वर होती, त्यात साठीवरचे आठ टक्के धरले तरी दीड लाखाच्या वर होतात आणि त्याच्या 7.4 टक्के म्हणजे अकरा-बारा हजार माणसं, तेही जुन्या लोकसंख्येवर. हा कच्चा हिशोब आहे, प्लॅनमध्ये कच्चा म्हणूनच लिहा. पण हा आकडा आपण सगळ्यांपर्यंत पोचू अशा थाटात लिहू नका. तुमच्याकडे तीस कुटुंबं आहेत. पाच वर्षांत तीनशे कुटुंबांना नीट साथ दिली तरी खूप मोठं काम होईल, आणि उरलेल्या हजारोंसाठी तुमचं काम एवढंच की त्यांना हा आजार आहे हे लवकर कळावं आणि कुठे जायचं ते कळावं.

डब्ल्यूएचओने 2017 मध्ये डिमेन्शियासाठी जागतिक कृती आराखडा काढला, त्यात सात विषय आहेत : सरकारी धोरण, जागृती, धोका कमी करणं, निदान-उपचार-काळजी, काळजी घेणाऱ्यांना आधार, माहितीची व्यवस्था आणि संशोधन. तुमची यादी वाचली तेव्हा मला वाटलं की तुम्ही सातही विषय आपल्या डोक्यावर घेतलेत. तो आराखडा देशांसाठी आहे हो. आठ माणसांच्या संस्थेने त्यातला एक मुख्य घ्यावा, काळजी घेणाऱ्यांना आधार, आणि एक जोडीला, जागृती. बाकी पाचांसाठी शहरात कोण आहे ते शोधून त्यांच्याशी नातं जोडावं.

मेमरी क्लिनिकचंच घ्या. एमवाय हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज आपल्याकडे आहे, न्यूरोलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट शहरात भरपूर आहेत, क्लिनिक तुम्ही का काढायचं? तुम्ही हे करा की माणूस डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधीची आणि पोचल्यानंतरची वाट धरा. आधीची म्हणजे 'म्हातारचळ लागलाय' किंवा शेजारच्यांच्या भाषेत 'सठिया गए हैं' म्हणून जे दोन-तीन वर्षं निघून जातात ती. आणि त्यात किती वेळा साधी कारणं निघतात, बी-12 ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन, पडून डोक्यात साचलेलं रक्त, चुकीचं झोपेचं औषध, ऐकूच येत नाही म्हणून उत्तर न देणं. हे तपासल्याशिवाय कोणाच्याही कपाळावर डिमेन्शियाचा शिक्का मारायचा नाही हे तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. आणि निदानानंतरची वाट म्हणजे डॉक्टर डोनेपेझिल या डिमेन्शियावरच्या औषधाची चिठ्ठी देतो, तीन महिन्यांनी या म्हणतो, आणि घरचे बाहेर पॅसेजमध्ये उभे राहून एकमेकांची तोंडं बघतात. त्या पॅसेजमध्ये तुमचं माणूस हवं. आठवड्यातून एक दिवस, ओपीडीच्या बाहेर एक टेबल, एक खुर्ची, एक वही. परवानगी मिळवायला चार-सहा महिने जातात, खेटे घाला, पण शहरातली दुसरी कुठलीही गोष्ट एवढ्या कमी पैशात एवढी कुटुंबं तुमच्यापर्यंत आणणार नाही.

मुख्य सेवा म्हणून मी घरभेटीच सुचवेन, आणि हे केवळ माझ्या आवडीचं नाही. गोव्यात दोन तालुक्यांत 81 कुटुंबांना घेऊन याचा रीतसर अभ्यास झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा येणाऱ्या, फार शिकलेल्या नसलेल्या पण थोडक्या ट्रेनिंगने तयार केलेल्या बायका पंधरवड्यातून निदान एकदा घरी जायच्या, सहा महिने, आजार समजावून सांगायच्या, वागणुकीच्या अडचणी कशा हाताळायच्या ते दाखवायच्या, मागे एक सायकियाट्रिस्ट आणि एक समुपदेशक मदतीला. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं आणि त्यांचा त्रास कमी झाला असं त्यात आढळलं. म्हणजे यासाठी बिल्डिंग नको, मशीन नको, चांगली निवडलेली दोन माणसं आणि त्यांना विचारायला एक वरचं माणूस पाहिजे.

एक खर्चाचा नमुना करून दाखवते, आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एक कार्यकर्ती, पगार 18,000, पेट्रोल 3,000, फोन 500, तिच्यावर देखरेख करणाऱ्याच्या पगारातला वाटा 6,000, ट्रेनिंग आणि कागदपत्रं 2,500, महिन्याला 30,000. कामाचे 22 दिवस, रोज तीन भेटी, म्हणजे 66, पण पेशंट अॅडमिट झाला, पाहुणे आले, पाऊस आहे, असं होऊन हातात 50 पडतात. म्हणजे एक भेट 600 रुपयांना पडली. एका कुटुंबाला महिन्यातून दोन धरल्या तर सहा महिन्यांत बारा, म्हणजे 7,200 रुपये, आणि एक बाई एका वेळी 25 घरं सांभाळते, वर्षाला 50. दोन बाया ठेवल्या तर वर्षाला शंभर घरं आणि 7,20,000 रुपये. हा एवढा परिच्छेद कुठल्याही कंपनीच्या सीएसआरवाल्यासमोर ठेवा, त्याला तो लगेच कळतो, निवासी केंद्राचा दोन कोटींचा नकाशा त्याला कळत नाही.

पण इथे एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे कारण ती इंदुरातल्या आपल्या मराठी लोकांची आहे आणि बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात तुम्हाला मिळणार नाही, भाषेची. आपल्याकडची म्हातारी माणसं आयुष्यभर बाहेर हिंदी बोलली, बँकेत, शाळेत, मिलमध्ये, सियागंजच्या दुकानांत, उत्तम हिंदी. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा बऱ्याच जणांची आधी सुटते आणि लहानपणीची राहते. रामबागेतल्या एक आजी, शिक्षिका होत्या, हिंदी माध्यमात तीस वर्षं शिकवलेलं, शेवटच्या दोन वर्षांत फक्त मराठी, तीही त्यांच्या आजीची. त्यांना सांभाळायला खरगोनकडची एक मुलगी होती, जीव लावणारी, मेहनती. आजी दिवसातून चार वेळा म्हणायच्या, 'परसाकडे जायचंय'. त्या मुलीला वाटायचं आजी परसों म्हणतायत, म्हणजे परवा कुठेतरी जायचंय, तर ती म्हणायची, हाँ आजी, परसों चलेंगे. आणि मग आजी तिथेच बसल्या जागी करायच्या. घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलं की आता शी-शू वरचा ताबा गेला, डायपर सुरू झाला, डायपरने पुरळ, पुरळाने रात्रीची चिडचिड, मग झोपेची गोळी. मी गेले तेव्हा दहा मिनिटं बसले असेन, आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, अगं परसाकडे जायचंय मला. मी उठवून बाथरूमला नेलं, झालं. ती मुलगी रडायला लागली. त्यानंतर आठवडाभरात दिवसाचा डायपर सुटला.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक वही झाली, साठेक शब्दांची, मराठी आणि समोर हिंदीत अर्थ : परसाकडे, लघवीला, भोवळ, कळ येतेय, ओकारी, गुदमरतंय, नको, पुरे, पांघरूण, आई कुठाय. प्रत्येक घरात त्यात त्या घरचे शब्द भरायचे, कारण कोणाकडे पाण्याला 'मम' म्हणतात तर कोणाकडे देवाला 'बाप्पा' नाही 'नारायण' म्हणतात. तुमच्या प्लॅनमध्ये अटेंडंटचं ट्रेनिंग आहे ना, मग ते दहा दिवसांचा मोठा सर्टिफिकेट कोर्स म्हणून लिहू नका, तसे कोर्स करून मुली दुसऱ्याच शहरात जातात. ज्या घरात जी बाई आधीच काम करतेय तिला त्या घरातच शिकवा. उचलायचं कसं, भरवताना मान कशी ठेवायची, आणि 'कालपर्यंत बरे होते आणि आज एकदम वेगळे' असं झालं तर तो आजार वाढला असं समजायचं नाही, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, नवीन औषध, ताप असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. तुम्ही हिंदीभाषक, सिंधी, गुजराती कुटुंबांनाही घेणार असाल, घ्यायलाच हवं, त्यांनाही हीच वही त्यांच्या भाषेत लागेल.

डे केअर कधी? तिसऱ्या वर्षी, आणि कागदांवर संध्याकाळचे रकाने काळे आले असतील तर दुपारी तीन ते सात, आणि ने-आण तुमची. गाडीचा खर्च धरल्याशिवाय डे केअरचं बजेट लिहू नका, बहुतेक ठिकाणी गाडी आणि ड्रायव्हर हाच सगळ्यात मोठा खर्च निघतो. ते देऊ केलेलं घर कुठे आहे, तळमजला आहे का, पाच किलोमीटरच्या आत तुमची किती कुटुंबं आहेत, हे त्या सहा महिन्यांतच कळेल आणि मग घर घ्यायचं की नाही याचं उत्तर आपोआप येईल. घेतलंत तर लेखी करार, निदान नऊ-दहा वर्षांचा, कारण आज देणारे काका उद्या नसले की त्यांची मुलं काय म्हणतील सांगता येत नाही.

निवासी केंद्र या पाच वर्षांत नको. हे मी ठामपणे सांगते. चोवीस तास, तीन पाळ्या, रात्री कोणी पडलं तर जबाबदारी, स्वयंपाक, नर्स, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भानाचे गंभीर बिघाडही येतात त्यामुळे तिथे नोंदणीचा प्रश्नही उभा राहतो, वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. दहा पेशंटचं केंद्र तुमच्या आठही जणांना गिळून टाकेल आणि बाहेरची तीस कुटुंबं वाऱ्यावर जातील. ज्यांना खरंच गरज पडते, दोन्ही मुलं अमेरिकेत आणि आई एकटी स्कीम नंबर 54 च्या वसाहतीत, त्यांच्यासाठी शहरातली चांगली वृद्धाश्रमं आणि केंद्रं स्वतः बघून या, डिमेन्शियाचा पेशंट घेतात का, बांधून ठेवतात का, रात्री किती माणसं असतात, हे विचारून यादी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी परत बघा. हेल्पलाइन पण आपली काढू नका, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन 14567 आहे, मानसिक आरोग्याला टेली-मानस 14416 आहे, तुम्ही एक मोबाइल नंबर ठेवा, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि उचला म्हणजे झालं.

प्लॅनमध्ये 'आम्ही हे करणार नाही' असं एक पान जरूर ठेवा, कारणासकट. निवासी केंद्र, स्वतःचं क्लिनिक, औषधं किंवा 'स्मरणशक्तीचं टॉनिक' विकणं, कुठल्याही अटेंडंट ब्युरोची दलाली, पेशंटचे फोटो व्हॉट्सअॅपवर. दर वर्षी कोणीतरी भला माणूस पैसे घेऊन येतो आणि म्हणतो अमुक सुरू करा, त्याला दाखवायला ते पान लागतं. आमच्याकडे ते नव्हतं आणि एका वर्षी एका देणगीदाराच्या आग्रहावरून आम्ही योगवर्ग सुरू केले, चांगलेच होते, पण आमची दोन माणसं त्यात गुंतली आणि घरभेटी निम्म्यावर आल्या.

आता तुमच्या माणसांबद्दल, इथे जरा नाजूक बोलते. तुमच्यातले पाच जण स्वतः घरी कोणाची तरी काळजी घेताय असं तुम्ही लिहिलंय. अशा संस्थेचा जोर त्यातूनच येतो आणि धोकाही तिथेच आहे. ज्यांचं माणूस जातं ते दोन प्रकारे वागतात, एक तर संस्थेकडे परत पाय वळत नाही, किंवा दुसऱ्या दिवसापासून सगळं अंगावर घेतात आणि वर्षभरात मोडून पडतात. आम्ही नियम केला की घरी मृत्यू झाल्यावर एक वर्ष कोणतंही पद नाही, या, बसा, चहा प्या, पण पद नाही. सुरुवातीला लोक दुखावले, नंतर त्यांनीच आभार मानले. सेक्रेटरी आणि खजिनदार दोन वर्षांनी बदलायचे, आणि प्रत्येक पदाला मागे एक शिकणारं माणूस, पन्नाशीच्या आतलं. मराठी कुटुंबांपर्यंत जायला महाराष्ट्र साहित्य सभा, सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेचे कार्यक्रम, कॉलनीतली भजनी मंडळं, गणेशोत्सव, हे सगळं आपल्याकडे तयार आहे, पण नुसतं भाषण देऊन येऊ नका, तिथून एक तरी तरुण कार्यकर्ता उचलून आणा. कार्यकारिणीत उपचार करणारे डॉक्टर असतील तर पेशंट त्यांच्याकडेच पाठवायचे असा अलिखित नियम होऊ देऊ नका, तीन नावं द्यायची, निवड घरच्यांची.

पैशाचं भराभर सांगते. मध्यप्रदेशात तुम्ही 1973 च्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर आहात, आता आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी करून घ्या, संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नाव घाला, आणि सीएसआर-1 फॉर्म भरा, 2021 च्या एप्रिलपासून त्याच्याशिवाय कंपनी तुम्हाला सीएसआरचा पैसा देऊ शकत नाही. कायदा असा की ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. म्हणजे कंपनीचा नफा घसरला की तुमचा पैसा घसरतो. म्हणून पगार सीएसआरवर पूर्णपणे टांगू नका. माझा हिशोब असा की घरभेटींचा निम्मा खर्च छोट्या देणग्यांतून यावा, महिन्याला 500 देणारी साठ घरं इंदुरात मिळतात, आणि ज्यांना परवडतं त्या कुटुंबांकडून थोडी फी घ्यायला लाजू नका. सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला. परदेशी देणगीच्या परवान्याच्या मागे आत्ता लागू नका. आणि 70 वर्षांवरच्यांना सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात हे घरोघरी सांगा, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर, घरी ठेवलेल्या बाईच्या पगाराला नाही, हेही सांगा, नाहीतर लोक आशेवर बसतात.

मोजायचं काय? झरिट नावाची 22 प्रश्नांची एक पट्टी काळजी घेणाऱ्यावरचं ओझं मोजायला जगभर वापरतात, ती सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी घ्या, डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडते. पण रोजच्या कामाला आम्ही तीनच प्रश्न ठेवले. काल रात्री सलग किती तास झोपलात? स्वतःच्या कामासाठी एकट्या घराबाहेर शेवटचं कधी पडलात? उद्या तुम्हाला ताप आला तर यांच्याजवळ कोण बसेल? तिसऱ्याचं उत्तर ज्या घरी 'कोणी नाही' असं येतं ती घरं वहीत लाल शाईने लिहायची आणि सहा महिन्यांत एक तरी नाव तिथे आलं पाहिजे, भाऊ, शेजारीण, भाचा, कोणीही. किती पत्रकं वाटली, किती शिबिरं झाली हे कंपनीला सांगा, त्यांना लागतं, पण मासिक मीटिंगमध्ये आधी लाल शाईची घरं.

कागदावर उतरवायचं तर आठ पानं पुरे. एक पान आपण कोण आणि पंधरा घरांत काय दिसलं, एक पान शहराचा कच्चा हिशोब, दोन पानं घरभेटी आणि ओपीडीचं टेबल, एक पान नाही करायच्या गोष्टी, एक पान माणसं आणि पदं, एक पान पैसा, एक पान तीन प्रश्न. पहिलं वर्ष महिन्यावार लिहा, दुसरं तिमाहीवार, पुढची तीन वर्षं नुसती दिशा, आणि दर सप्टेंबरमध्ये, 21 तारखेला अल्झायमर दिन असतो त्याच्या आधी, पंधरा नवीन घरांचे कागद परत भरून योजना दुरुस्त करा. एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) 1992 पासून देशात हे काम करतेय, त्यांच्या दुसऱ्या शहरांतल्या शाखांना जाऊन भेटा, आणि डब्ल्यूएचओचा काळजीवाहकांसाठी आयसपोर्ट म्हणून अभ्यासक्रम आहे तो बघा, सगळं स्वतः लिहीत बसायची गरज नाही.

कंपनीच्या माणसाला महिनाभराने भेटतो म्हणून सांगा आणि या रविवारपासून दोघी-दोघी करून घरं सुरू करा. रात्री दोन ते पाचच्या रकान्याला आलात की पेन खाली ठेवा. तिथे आल्यावर बहुतेक बायका थोडा वेळ काहीच बोलत नाहीत, तुम्हीही बोलू नका, चहा गार झाला तरी चालेल.